खुर्चीच्या उंचीची गाडी

गाडी कोणती होती ते मी सांगणार नाही. सांगितलं की तुमच्यातलं कोणीतरी ‘आमच्या काकांकडे होती’ म्हणून सुरू होईल आणि बाई बाजूलाच राहतील. एवढंच लक्षात ठेवा की गाडी जुनी होती, जीपच्या जातीची होती, चांगली उंच होती, आणि माझ्या घरमालकीणबाईंनी सत्तरी ओलांडल्यावर तिच्या चारही स्प्रिंगा स्वतःच्या हाताने कापून ती खाली आणली. कॉलेजातली पोरं करतात तशी. हडपसरला, भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत, भर दिवसा, साडीवर निळा एप्रन चढवून.

मी अकोल्याचा. नोकरीसाठी पुण्यात आलो आणि खोल्या शोधत हिंडलो. दोन ठिकाणी माझं आडनाव ऐकल्यावर खोली एकाएकी ‘अहो, सकाळीच गेली’ झाली होती. तिसऱ्या ठिकाणी बाई भेटल्या. पुणेरी पाट्यांबद्दल मी पुष्कळ ऐकून होतो, पण बाईंच्या फाटकावर एकही पाटी नव्हती. त्या स्वतःच पुरेशा होत्या. त्यांनी मला आडनाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, लग्नाचंही विचारलं नाही. म्हणाल्या, “जिना चढून दाखवा.”

मी चढलो. खालून आवाज आला, “उतरा.” उतरलो.

“टाच आपटता तुम्ही. खाली माझी बहीण दुपारची झोपते. पुढचा पाय आधी टेकवायचा. जमेल?”

“जमेल ना. काहून नाही जमणार?”

“काहून म्हणजे?”

“म्हणजे का.”

“मग ‘का’ म्हणा, एका अक्षरात काम होतं. कुठले?”

“अकोल्याचा.”

“बरं. अकोला, एक तारखेपासून या.”

तेव्हापासून मी ‘अकोला’. माझ्या आधी वरच्या खोलीत ‘नांदेड’ राहून गेला होता आणि त्याच्याही आधी ‘धाराशिव’. बाईंच्या लेखी माणसाला गाव असलं की बाकीचं सवडीने कळतं. ज्या शहरात मी आडनाव सांगताना थोडा थांबायला शिकलो होतो, त्या शहरात एक बाई मला गावाच्या नावाने हाक मारते, ह्याचं मला किती बरं वाटलं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ‘त्यात काय’ म्हणाल्या असत्या.

बाई आयुष्यभर एका तंत्रशाळेत वर्कशॉप शिकवायच्या. पहिल्या दिवशी मुलं हसली होती म्हणे. दुसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. मधे काय झालं ते त्या सांगत नसत. हडपसर-फुरसुंगीकडच्या निम्म्या गॅरेजांमध्ये त्यांचे विद्यार्थी होते. सिग्नलला गाडी थांबली की शेजारच्या टेम्पोतला टक्कल पडलेला माणूस घाईघाईने सीटबेल्ट ओढायचा आणि मग म्हणायचा, “नमस्कार बाई.” बाई मान हलवायच्या. माझ्याकडे वळून म्हणायच्या, “कानस उलटी धरायचा हा. आता बघा, स्वतःचा टेम्पो आहे.” ह्यात त्यांना अभिमान वाटायचा की आश्चर्य, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एप्रनच्या खिशात स्टीलची पट्टी असायची आणि एप्रन नसला की ती पर्समध्ये जायची. अंदाज हा आळशी लोकांचा धंदा आहे, असं त्यांचं मत होतं. मी पहिल्यांदा भिंतीत खिळा ठोकला तेव्हा त्या वर आल्या, पट्टी लावली आणि म्हणाल्या, “डावीकडे गेलाय.” मी म्हटलं, कॅलेंडरच लावायचंय. “मग काय, वर्षभर वाकडं बघणार?” खिळा काढून पुन्हा ठोकला. तो आजही सरळ असणार.

एकदा पंख्याचा कंडेन्सर घ्यायला बुधवार पेठेत त्या मला घेऊन गेल्या. दुकानदाराने एक पुढे सरकवला आणि म्हणाला, “हा साधारण चालेल.”

“साधारण काय चालतं हो? पंखा साधारण फिरतो का?”

“मॅडम, सगळे हाच नेतात.”

बाईंनी पर्समधून मीटर काढला. दुकानदाराच्या काउंटरवरच त्याचे चार कंडेन्सर तपासले, तीन परत केले, चौथा घेतला. मागे गिऱ्हाईकं ताटकळली होती. दुकानदार म्हणाला, “मॅडम, लोक थांबलेत.”

“थांबू दे. शिकतील.”

अशा बाईंनी जेव्हा ‘मी गाडी खाली करणार आहे, फॅशन म्हणून’ असं जाहीर केलं, तेव्हा गल्लीला वाटलं, म्हातारपण डोक्यात शिरलं. मला खरं कारण माहीत होतं आणि ते तुम्हाला आताच सांगून टाकतो, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. हे सगळं अक्कांसाठी होतं, आणि अक्कांना ते कळू द्यायचं नव्हतं.

अक्का म्हणजे बाईंची मोठी बहीण. लग्न दोघींनीही केलं नव्हतं. का, ते विचारायची माझी छाती नव्हती. अक्कांची नोकरी पाटबंधारे खात्यात झाली होती आणि निवृत्तीनंतरही धरणं त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. पावसाळ्यात मी संध्याकाळी कामावरून आलो की पुढच्या खोलीतल्या त्यांच्या लाकडी खुर्चीतून आवाज यायचा, “अकोला, खडकवासला किती झालं?” मी मोबाईलवर बघून सांगायचो. त्या समाधानाने मान डोलवायच्या. पुण्यात धरणाची टक्केवारी सगळेच विचारतात, पण अक्का जवळच्या माणसाची तब्येत विचारावी तशी विचारायच्या.

मी राहायला जायच्या आधी अक्का न्हाणीघरात पडल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार माणसांनी रस्त्यावर आणलं आणि गल्ली बघायला जमली. ते एक वेळ त्यांनी सोसलं. पण दवाखान्यातून परत आणताना बाईंच्या उंच गाडीत त्यांना चढवायचं होतं. दोघांनी वरून ओढलं, दोघांनी खालून रेटलं. रेटणारा एक जण हसत म्हणाला, “आज्जी, जड आहात हो!” वाईट हेतूने नव्हे, धापा टाकताना माणूस काहीतरी बोलतो तसं. अक्का घरी आल्यावर बहिणीला म्हणाल्या, “यापुढे मी ह्या घरातून माझ्या पायांनी निघाले तर निघेन. पोत्यासारखं मला कोणी चढवायचं नाही.”

हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, चाला. अक्का घरात काठी घेऊन चालत. त्या खुर्चीतून कोणाचा हात न धरता उठत, कारण तिची उंची त्यांच्या गुडघ्यांना बरोबर मानवायची. खालच्या सोफ्यात बसल्या की उठता येत नसे, आणि उंच काही असलं की चढता येत नसे. त्यामुळे रिक्षा नाही, गाडी नाही, फाटकाबाहेर पाऊल नाही. वर्ष उलटलं. बाई रोज संध्याकाळी पोर्चमध्ये उभ्या राहून त्या उंच गाडीकडे बघायच्या. ह्या बाईला हतबल व्हायची सवय नव्हती, त्यामुळे ते त्यांना नीट करताही येत नव्हतं.

मी आपलं सुचवलं. स्टूल ठेवू. “स्टूलवर चढताना दंड कोण धरणार? तेच तर तिला नकोय.” गाडीला पायरी बसवून घेऊ. “म्हणजे ती पायरी कोणासाठी, हे सगळ्या गल्लीला दिसेल.” मग ही विका आणि बरोबर उंचीची दुसरी घ्या. “हो. आणि अक्का विचारेल, कोणासाठी घेतलीस. काय सांगू?”

“सांगा, तुमच्यासाठी घेतली म्हणून!”

“अकोला, तुम्ही अजून अक्काला ओळखत नाही.”

मग त्यांनी पलंगाची हकीकत सांगितली. दवाखान्यातून आल्यावर बाईंनी अक्कांच्या पलंगाखाली विटा लावून तो उंच केला. अक्कांनी विचारलं, हे कशाला? बाई म्हणाल्या, तुझ्यासाठी. अक्का त्या रात्री पलंगावर झोपल्याच नाहीत. विटा काढाव्या लागल्या. आठवड्याने बाई म्हणाल्या, पलंगाच्या पायांना वाळवी लागलीय, ठोकळे लावावे लागणार. ठोकळे लागले, आणि ते राहिले. ठोकळ्यांची उंची विटांएवढीच होती.

तेव्हापासून बाईंना मार्ग सापडला होता. अक्कांसाठी काहीही करायचं असलं तर ते वाळवीसाठी करायचं, नाहीतर स्वतःसाठी.

एका सुट्टीच्या दुपारी मी पाणी भरायला खाली गेलो, तर बाई पुढच्या खोलीत फरशीवर पालथ्या पडलेल्या. मी हाक मारायला तोंड उघडलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. अक्का आतल्या खोलीत झोपल्या होत्या आणि बाई त्यांच्या खुर्चीला पट्टी लावून बघत होत्या. फरशीपासून बैठकीपर्यंत. मग बैठकीवर उशी ठेवून, ती दाबून, पुन्हा. मग त्या उठल्या, पोर्चमध्ये जाऊन गाडीच्या सीटला पट्टी लावली आणि परत येऊन माझ्या कानाशी म्हणाल्या, “एवढा फरक आहे,” आणि बोटांनी वीतभराला जरा कमी अंतर दाखवलं.

“मग?”

“मग गाडी खाली येईल. आणि तुम्ही तोंड उघडलंत तर खोली खाली होईल.”

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी घेऊन त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये गेलो. सोलापूर रस्त्यावर मोठं गॅरेज, हाताखाली माणसं. बाई दिसल्याबरोबर त्याने तोंडातला गुटखा कुठेतरी नाहीसा केला. बाईंनी काम सांगितलं. तो आधी हसला. मग त्याला कळलं की बाई विनोद करत नाहीत.

“नाय बाई. मी नाय कापायचा.”

“का? हात दुखतो?”

“तुमीच वर बघा की.”

वर भिंतीवर लाल ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘स्प्रिंग बदलायची असते, कापायची नसते.’

“ही पोरं येत्यात, गाडी खाली करा म्हणून मागं लागत्यात,” तो म्हणाला. “मी बोट दाखवतो भितीकडं. माज्या बाईंनी सांगितलंय म्हणतो. कापलेली स्प्रिंग कडक होती, खड्ड्यात चाक लोंबलं की बैठकीतनं सुटती. ह्येच्यावर तुमी मला पेपरात शून्य दिलं हुतं. आता तुमीच म्हनताय काप. माज्या हातनं नाय व्हनार.”

बाई मान वर करून स्वतःचं वाक्य वाचत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्याची धडगत नाही.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “हे बरोबर लिहिलंय. मी चुकीचं काम करायला निघालेय आणि तू नाही म्हणालास. छान. आता स्प्रिंग दाबायचा पाना दे, मी घरी कापते.”

त्याने पाना दिला. वर स्प्रिंगच्या बैठकीत घालायचे नवे रबर दिले, नको म्हटलं तरी गाडीत टाकले. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, गॅसनं नका कापू देऊ. गॅसनं पोलादाचा जीव जातो. ग्राइंडर लावा.” मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “हेही मीच शिकवलंय त्याला.”

पुढचे काही रविवार आमच्या पोर्चमध्ये ठिणग्या उडत होत्या. बाईंची पद्धत अशी: गाडी स्टँडवर चढवायची, चाक काढायचं, स्प्रिंग दाबून बाहेर घ्यायची, खडूने खूण करायची, अर्धा वेढा कापायचा आणि सगळं परत बसवायचं. गाडी खाली उतरवून पुढेमागे ढकलायची, म्हणजे ती आपल्या जागी बसते. मग माप. परत वर. परत अर्धा वेढा. मी वैतागून म्हटलं, एकदाच काय तो दीड वेढा कापून टाकू. बाईंनी ग्राइंडर बंद केला, चष्मा कपाळावर घेतला. “कमी कापलं तर अजून कापता येतं, अकोला. जास्त कापलं तर काय, चिकटवणार?” मी पाना उचलला आणि चाक सोडवायला घेतलं. प्रत्येक वेळी त्या चाक लटकतं सोडून, स्प्रिंग बैठकीतून सुटत नाही ना, हे हात घालून बघायच्या. वर्गात ज्याच्यासाठी शून्य दिलं होतं ते स्वतः करताना त्यांनी त्यातला प्रत्येक धोका एकेक करून तपासला. मी मेकॅनिक नाही, पण माणूस किती जपून चूक करू शकतो ते मी तिथे बघितलं.

खिडकीतून अक्का विचारायच्या, “काय चाललंय गं?”

“फॅशन.”

“कोणाची?”

“माझी. तुला काय करायचंय?”

“ह्या वयात?”

“आधीच्या वयात वेळ नव्हता.”

अक्का खिडकी लावून घ्यायच्या. ग्राइंडरचा आवाज फार होता हेही खरं.

गल्लीचं मनोरंजन चाललं होतं. कोणी म्हणालं, पेन्शन जास्त झाली. समोरच्या घरातल्या कॉलेजातल्या मुलाने तर येऊन अंगठाच दाखवला. “आज्जी, नादच खुळा! काय स्टान्स आलाय गाडीला, एकदम कडक. आता मागे एक स्पॉयलर टाका ना.”

“आज्जी तुझ्या घरी,” बाई म्हणाल्या. “आणि तुझ्या बाइकची चेन ढिली आहे. फॅशन नंतर कर.”

पण तो गेल्यावर त्या क्षणभर हसल्या. ज्या बाईंना वर्गातल्या त्या पहिल्या दिवसानंतर कोणी चेष्टेने एक शब्द बोललं नव्हतं, त्या आता गल्लीभर चेष्टेचा विषय झाल्या होत्या आणि त्यांनी ते मुद्दाम ओढवून घेतलं होतं. गल्ली जेवढी हसेल तेवढी अक्कांना शंका कमी. मला त्या दिवसांत बाईंबद्दल जेवढा आदर वाटला तेवढा मला शिकवणाऱ्या कोणाबद्दल वाटलेला नाही.

शेवटी एका रविवारी माप जुळलं. सीटवर अक्कांएवढं वजन ठेवून, दाबून, दोनदा. गाडी खाली आली होती आणि भलतीच कडक झाली होती. बारीक खड्ड्यातसुद्धा दात वाजायचे. बाईंना त्याचं काही नव्हतं. “वेढे कमी झाले की कडक होणारच. होऊ दे. अक्काचं हाड जुळलंय, आणि मी हळू चालवते.”

मग सुरू झालं ते वाट बघणं. बाईंनी गाडी पोर्चमध्ये अशी लावली की डावीकडचं पुढचं दार अक्कांच्या उंबऱ्यासमोर येईल. रोज संध्याकाळी ते दार उघडं टाकायच्या. ‘आत हवा खेळू दे.’ अक्का खुर्चीत बसून उघड्या दाराकडे बघायच्या आणि पेपर वाचायच्या. बाई एका शब्दाने विचारायच्या नाहीत. मला तर ओरडावंसं वाटायचं, अहो अक्का, बसा ना! दोघी बहिणींमध्ये ती गाडी तशीच उभी. पाऊस सुरू झाला, जोरात झाला, ओसरायला लागला.

पुढे मी लग्न करून वाकडला राहायला गेलो. बाईंकडे जाणं होतं. परवाच त्यांनी माझ्या बायकोला जिना चढायला लावला आणि तिला शंभर टक्के दिले. मला अजून दिलेले नाहीत. गाडीची पासिंगची वेळ आली तेव्हा त्या विद्यार्थ्याने कुठून तरी मापाच्या नव्या, आखूड स्प्रिंगा घडवून आणल्या, आणि भिंतीवरचं वाक्य न पुसता बाईंचा शब्दही राखला. ते सगळं ठीक आहे. पण मला बाई आठवतात त्या भाद्रपदातल्या एका सकाळच्या.

धरण भरलं होतं. पाणी सोडलं होतं. मी ते आदल्या संध्याकाळी अक्कांना सांगितलं होतं. सकाळी बाई किल्ली घेऊन पुढच्या खोलीत आल्या आणि माझ्याकडे बघत, अक्कांकडे न बघता, म्हणाल्या, “अकोला, मी खडकवासल्याला चाललेय. गाडी जरा लांब चालवून बघायचीय. येताय?”

“येतो की.”

पेपरची घडी झाली. अक्का म्हणाल्या, “गाडीत जागा आहे का?”

बाईंच्या हातातली किल्ली वाजली. “बघावं लागेल,” त्या म्हणाल्या.

अक्का खुर्चीतून उठल्या. काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या, पोर्चमध्ये आल्या, गाडीच्या दाराशी पाठमोऱ्या झाल्या आणि बसल्या. जशा खुर्चीत बसतात तशाच. मग एकेक पाय आत घेतला. मी आणि बाई दोन्हीकडे भिंतीसारखे उभे होतो, हात मागे बांधून, कारण हात पुढे केला असता तर सगळं संपलं असतं. अक्कांनी सीटवर हात फिरवला.

“माझ्या खुर्चीएवढीच आहे गं.”

“योगायोग,” बाई म्हणाल्या.

“हो का.”

बाई बसल्या, मी मागे बसलो, फाटक उघडलं आणि आम्ही निघालो. आणि घरापासून चार घरं पुढे गेलो नाही तोच खालून खर्रर्र असा आवाज आला आणि गाडी अडली.

स्पीडब्रेकर. आमच्या गल्लीतला तो उंचवटा बाईंनीच महापालिकेच्या मागे लागून बसवून घेतला होता. मुलं बाइक दामटतात म्हणून. कामगार तो बुटका करत होते, तर पट्टी घेऊन उभं राहून बाईंनी त्यांच्याकडून दोन घमेली जास्त टाकून घेतली होती. एकट्या असल्या की खाली केलेली गाडीही त्यावरून तिरकी जायची. आता आत आम्ही तिघं होतो. अक्कांच्या वजनाने सीट किती दबेल ते बाईंनी धरलं होतं. तिघांच्या वजनाने गाडीच्या पोटाखाली किती जागा उरेल, ते बघायच्या राहिल्या होत्या. सगळं मोजणाऱ्या बाईंचं एवढं मोठं माप राहून गेलं, कारण ते सगळे महिने त्या फक्त त्या सीटकडे बघत होत्या.

बाईंनी गाडी मागे घेतली. “अकोला, उतरा.” मी उतरलो. पुन्हा पुढे. पुन्हा खर्रर्र. इंजिनाचं चेंबर घासत होतं. अजून एकदा रेटलं असतं तर फुटलं असतं. मागे एक भाजीचा टेम्पो येऊन थांबला आणि हॉर्न वाजवायला लागला. समोरचा तो कॉलेजातला मुलगा गॅलरीत आला. आणखी दोघं-तिघं आले. मला पहिल्यांदा बाईंच्या तोंडावर भीती दिसली. टेम्पोची नव्हे. ज्या गल्लीने अक्कांना प्लास्टिकच्या खुर्चीत बघितलं होतं तीच गल्ली पुन्हा बाहेर येत होती.

“परत जाऊ,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता. “आज राहू दे. गाडी आत घेते.”

“का?” अक्का म्हणाल्या.

“खाली लागतंय. वजन जास्त होतंय.”

“म्हणजे मी उतरले की जाईल?”

“तू बस गं. तू उतरू नकोस. इथे रस्त्यात—”

अक्कांनी दार उघडलं. मी धावत त्या बाजूला गेलो. त्यांनी एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकले. काठी टेकवली. आणि त्या उठल्या. ना कोणी ओढलं, ना रेटलं. घरात खुर्चीतून उठतात तशाच त्या भर रस्त्यात, टेम्पोसमोर, गॅलरीतल्या सगळ्यांसमोर उठून उभ्या राहिल्या. माझा हात आपोआप पुढे गेला.

“हात खिशात ठेवा, अकोला.”

मी ठेवला. टेम्पोवाल्याचा हॉर्न बंद झाला होता. अक्का काठी टेकत त्या उंचवट्यावर चढल्या, वर थोडं थांबून श्वास घेतला, आणि पलीकडे उतरल्या. मला रडू आलं, लपवण्यासारखं त्यात काही नाही. गाडीत बाई दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसल्या होत्या आणि समोर बघत होत्या.

अक्का वळल्या. “आण आता.”

बाईंनी गाडी आणली. हलकी झालेली गाडी घासली नाही, तिरकी होऊन सुखरूप पलीकडे उतरली. अक्का दाराशी पाठमोऱ्या झाल्या, बसल्या, पाय आत घेतले, दार स्वतः ओढलं. मी मागे चढलो. बाई गाडी गिअरमध्ये टाकेनात.

“काय झालं?” अक्कांनी विचारलं.

“धरणापर्यंत असे पुष्कळ आहेत गं,” बाई हळूच म्हणाल्या. “सिंहगड रस्त्याला तर ठिकठिकाणी. प्रत्येक वेळी तुला उतरावं लागेल.”

अक्कांनी काठी दोन पायांच्या मधे नीट धरली आणि समोर बघितलं.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “चल.”